बघायचं, मध्ये पडायचं नाही

मी मुलांच्या वह्या न वाचताच तपासत असे. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेत बरोबर काम करणाऱ्यांनाही नाही. त्यांना सांगून फारसं काही झालंही नसतं, कारण त्यांच्यातले दोघेतिघे तरी तेच करत असावेत. फरक इतकाच की त्यांच्या वह्यांत समीकरणं असायची, आणि माझ्या वह्यांत माणसं होती.

त्याची एक पद्धत होती. रविवारी दुपारी जेवण झालं की गठ्ठा घेऊन दिवाणावर बसायचं. डाव्या हाताने पान उलटायचं, उजव्या हाताने लाल पेनने टिक. चारपाच पानांआड एखादा शब्द लिहायचा, ‘गुड’ किंवा ‘कंटिन्यू’. मधेच एखाद्या ओळीखाली रेघ मारायची, कुठल्याही ओळीखाली, म्हणजे मुलाला वाटावं की सर इथे थांबले होते. शेवटी सही आणि तारीख. टीव्हीवर मॅच चालू असली तरी चालायचं. बत्तीस वह्या, दीड तास.

आता हे का ते सांगतो.

मी बालीगंजमधल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नाटक शिकवतो. बायकोची बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा तीन वर्षांत परत जायचं असं ठरलं होतं. तिला इथेच बढती मिळाली, आणि मला ही नोकरी. पुण्यात असताना एकांकिका केल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर. आधी वर्षाचं स्नेहसंमेलन बसवायला म्हणून बोलावलं, मग अकरावी-बारावीला नाटक हा ऐच्छिक विषय सुरू झाला आणि मी कायमचा झालो. शाळेत इंग्रजी, दरवानाशी हिंदी, मुलं आपसात बंगाली. मराठी फक्त घरात आणि मंडळात. मंडळ म्हणजे आम्ही पन्नाससाठ कुटुंबं. निम्मी बदलीवर आलेली, निम्मी सॉल्ट लेकच्या कंपन्यांतली. एकत्र यायचं ते गणपतीला आणि संक्रांतीला.

माझ्या वर्गाचं मुलांना आकर्षण होतं, हे खोटं नाही. बाक भिंतीला लावायचे आणि मोकळ्या जमिनीवर काम सुरू. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांचा आरसा व्हायचं. वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीतून पाच मिनिटांचा प्रवेश उभा करायचा. शब्द न वापरता भांडण करायचं. पण माझा हुकमी एक्का म्हणजे निरीक्षणवही. प्रत्येकाने एक माणूस निवडायचा, रोज भेटणारा. तीस दिवस त्याला बघायचं, रोज एक पान लिहायचं, आणि महिन्याच्या शेवटी वर्गासमोर तो माणूस होऊन दाखवायचं. वार्षिक गुणांतले बरेच गुण या प्रकल्पाला होते.

याला नियम एकच. तो मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत असे आणि वर्गाकडून तीनदा वदवून घेत असे. बघायचं, मध्ये पडायचं नाही. त्या माणसाला सांगायचं नाही, विचारायचं नाही, मदत करायची नाही, सुधारायचं तर मुळीच नाही. तुम्ही मध्ये पडलात की माणूस बदलतो, आणि तुमच्या हाती उरतं ते तुमचंच सोंग. हे वाक्य मला स्वतःला फार आवडायचं.

त्या वर्षी वर्गात एक मराठी मुलगी होती. अठरा वर्षांत माझ्या वर्गात आलेली एकुलती एक. वडील कस्टम्समध्ये, मूळचे खिदिरपूरच्या कचेरीत. त्या वर्षी त्यांना हल्दियाला टाकलं होतं. सोमवारी पहाटे जायचे, शनिवारी उशिरा यायचे. घरी आई आणि ही. मंडळातली ओळख असल्यामुळे ती मला काका म्हणायची. शाळेत पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर ‘काका’ म्हटलं तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “इथे सर. काका मंडळात.”

“सॉरी काका,” ती म्हणाली, आणि जीभ चावली.

त्यानंतर ती कधी चुकली नाही. शांत मुलगी. मराठी बोलताना अडखळायची, बंगालीत पटापट बोलायची. वही अतिशय नीटनेटकी. अशा मुलांच्या वह्या तर मी आणखीच भरभर उलटत असे. त्यांच्या वह्यांत काय बघायचं?

तिने आईला निवडलं होतं. मला हे माहीत होतं, कारण कोण कुणाला निवडतोय याची यादी मी पहिल्या दिवशी केली होती. एकाने पाड्यातला, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातला चहावाला घेतला, एकीने गडियाहाटच्या ऑटोचा ड्रायव्हर, एकाने आजोबा. आणि एका आगाऊ मुलाने मला घेतलं होतं. वर्ग हसला, मीही हसलो. म्हटलं, “घे. पण चष्मा तेवढा उसना मागू नकोस.”

तिची आई मंडळातली सगळ्यांत मोठ्याने हसणारी बाई. आरतीला तिचा आवाज आधी लागायचा, मग बाकीच्यांचे. त्या वर्षी गणपती आला तो नेमका या निरीक्षणाच्या महिन्यात. हॉलमध्ये जीव नकोसा करणारा उकाडा, पंखे नुसतेच फिरत होते, आणि ती मागच्या खुर्चीवर शाल पांघरून बसली होती. चेहरा सुजल्यासारखा. मी प्रसादाचं ताट फिरवत तिच्यापर्यंत गेलो.

“काय वहिनी, आज आरतीला मागे? भाव खाताय?”

ती हसली, पण जरा वेळाने हसली. “दम लागतो हो,” म्हणाली. आवाज घोगरा.

“कलकत्त्याची मिठाई मानवलेली दिसतेय,” मी म्हणालो. “साहेबांना सांगा हल्दियाहून येताना रिकाम्या हाताने या म्हणावं.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. तिची मुलगी खुर्चीच्या मागे उभी होती. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, जणू मी पुढे आणखी काही म्हणणार आहे. मी ताट घेऊन पुढच्या रांगेकडे गेलो.

त्याच आठवड्याच्या रविवारी तिची वही माझ्या हाताखालून गेली. तेव्हा चोवीस पानं भरलेली होती. मी पानोपान टिक करत गेलो, चोविसाव्या पानाखाली ‘गुड. कंटिन्यू.’ असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. मॅच होती की सिनेमा, ते आता आठवत नाही.

महिना संपला. दुर्गापूजेच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा सादरीकरणांचा. त्या दिवशी आधी आला तो आगाऊ मुलगा. त्याने एक खुर्ची मांडली, मांडीवर वह्यांचा ढीग घेतला, आणि मी झाला. नजर समोरच्या भिंतीवर, तिथे जणू टीव्ही होता. डाव्या हाताने पानं उलटतोय, उजव्या हाताने टिक, टिक, टिक. मधेच एक वही उलटी धरली आणि तिच्यावरही टिक. मग पेनचं टोक ओठाला लावून विचार केल्यासारखं केलं आणि लिहिलं, “गुड!” वर्ग लोळायचा बाकी राहिला. रविवारी राहिलेल्या वह्या मी स्टाफरूममधल्या टीव्हीसमोर उरकत असे, तिथल्या दारातून बघितलं असणार त्याने. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, “निरीक्षण उत्तम. गुण मात्र आता विसर.” पुन्हा हशा. माझे कान तापले होते.

त्याच्यानंतर ती आली.

तिने एक खुर्ची, एक स्टूल आणि स्टूलवर स्टीलचा पेला ठेवला. अंगाभोवती शाल घेतली आणि बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिने पेल्याकडे हात न्यायला सुरुवात केली. हात अर्ध्यावर थांबला. का निघालो होतो हे हात विसरला. मागून कुणीतरी म्हणालं, “स्लो मोशन!” आणि दोघंतिघं फिदीफिदी हसले, पण पुढे हसू आलं नाही. तिने मान वळवली, सगळी एकदम, धडासकट, जशी जड माणसं वळवतात. कुणीतरी हाक मारली असावी असा चेहरा केला. ओठ हलले. खूप वेळाने जाड आवाजात एकच शब्द आला, “ओ?”

संपल्यावर टाळ्याही उशिराच आल्या.

मी उठून उभा राहिलो. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण गेली काही वर्षं मी तेच ऐकतो आहे. मी म्हणालो, “याला म्हणतात संयम. बघितलंत? काही न करता केवढं केलं तिने.” मग तिला सांगितलं, “हात अर्ध्यावर थांबतो ना, तिथे अजून थांब. अजून मंद. आंतरशालेय स्पर्धेला आपण हेच पाठवू.”

“अजून मंद?” तिने विचारलं.

“अजून.”

तास संपला. मुलं बाक जागेवर सरकवत होती. ती शालीची घडी करत माझ्या टेबलापाशी आली.

“सर, माझी वही बघितलीत ना?”

मला वाटलं, त्या मुलाच्या नकलेवरून ही मला टोचते आहे. या मुलीने कुणाला कधी टोचलं नव्हतं. पण मी दुखावलो होतो, आणि दुखावलेल्या माणसाला सगळेच टोचतात.

“बघितली की,” मी म्हणालो.

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत. अक्षरन् अक्षर. फार छान लिहिलंयस.”

“मग... कंटिन्यू करू?”

“म्हणजे काय! स्पर्धेपर्यंत बघत राहा. तुला पुष्कळ मिळेल अजून.”

“बरं,” ती म्हणाली.

त्या ‘बरं’मध्ये मला त्या वेळी काही वेगळं ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं असतं तर मी वेगळा शिक्षक असतो.

सुट्टी लागून दोनतीन दिवस झाले असतील. संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर तिच्या आईचं नाव होतं. मंडळाच्या यादीतला तोच नंबर माझ्याकडे होता. बोलली मात्र ती.

“काका, मी बोलतेय. आई हॉस्पिटलमध्ये आहे. कालपासून.”

“काय झालं?”

“ताप होता. सकाळी उठलीच नाही. आयसीयूत ठेवलंय. बाबा आलेत हल्दियाहून.” ती एका दमात बोलत होती. “डॉक्टर बाबांना विचारतायत, झोपेच्या गोळ्या घ्यायच्या का, घरात भांडण झालं होतं का. आणि विचारतायत की हे असं कधीपासून आहे. बाबांना काहीच सांगता येत नाहीये. मी सांगायला गेले तर बाबा म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस. काका, ते सगळं वहीत आहे. रोजचं आहे. वही दाखवली तर ते ऐकतील. मला वही मिळेल का? आज?”

वह्या शाळेत होत्या, माझ्या कपाटात. मी म्हणालो, “आज शाळा बंद झाली असेल. उद्या सकाळी बघतो.”

सकाळी गेलो. दरवानाने कुरकुरत फाटक उघडलं, “सर, छुट्टी में भी नाटक?” मी कपाट उघडलं, वही काढली, आणि तिथेच उभ्याउभ्या ती वाचली. पहिल्यांदा. मुखपृष्ठापासून.

इंग्रजीत लिहिली होती, छोट्याछोट्या वाक्यांत, मीच तसं शिकवलं होतं. मत नको, फक्त दिसलं ते. तिसरा दिवस: आईने पंखा बंद केला, मला घाम येतोय, तिने शाल घेतली. सातवा दिवस: मावशीचा फोन आला, मावशीने विचारलं की भावोजी बोलताहेत का, आईचा आवाज इतका जाड झालाय. अकरावा दिवस: चहा समोर, साय धरली, बावीस मिनिटं, प्यायली नाही. पंधरावा: अंगठी बोटातून निघत नाही, साबण लावून काढली. सतरावा: कंगव्यात खूप केस, भुवया टोकाला विरळ झाल्यात. विसावा: भाजीला फोडणी दिली आणि भाजी टाकायची विसरली, तेल जळालं, वास आला तरी उठली नाही. एकविसावा: मंडळात आरतीला मागे बसून राहिली, दम लागतो म्हणाली, सगळे हसले, सरही.

प्रत्येक पानाखाली माझी लाल टिक.

चोविसाव्या पानाचा वरचा अर्धा भाग इंग्रजीत होता. खाली एक ओळ सोडून मराठीत लिहिलं होतं. आख्ख्या शाळेत ते वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि तिला ते ठाऊक होतं. अक्षर वेडंवाकडं होतं, देवनागरीची सवय नसलेल्या हाताचं.

“काका, आई आता दुपारी उठत नाही. हाक मारली की खूप वेळानंतर ओ देते. बाबांना बोलले, ते म्हणतात आळस आहे, तू अभ्यास कर. मला भीती वाटते. मी मध्ये पडू का? डॉक्टरकडे नेऊ का? का अजून बघू? तुम्ही लिहा मग मी करते.”

त्याच्या खाली टिक. त्याच्या खाली माझ्या अक्षरात, ‘गुड. कंटिन्यू.’ सही. तारीख.

पुढची सहा पानं तिने नियमाप्रमाणे लिहिली होती. मराठीत पुन्हा एकही ओळ नव्हती.

मला हे सोपं करून सांगायचं नाही. मला घेरी आली, हात कापले, असं काही झालं नाही. मी खाली बसलोसुद्धा नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो तिच्या आईचा नव्हता. पहिला विचार आला की ही वही आता डॉक्टरच्या हातात जाईल, तिच्या वडिलांच्या हातात जाईल, ते मराठी वाचतील, आणि खाली माझी सही आहे. मग आला मुख्याध्यापिकेचा विचार. मग मंडळाचा. चौथा किंवा पाचवा विचार तिच्या आईचा होता.

पान फाडावं असंही वाटलं. पण तीस पानांच्या शिवलेल्या वहीतलं मधलं पान फाडलं की कळतं. पहिली तेवीस पानं फोटो काढून पाठवता आली असती, आणि तेवढी पुरलीही असती. हेही सुचलं होतं. पण मग ती विचारणार होती की पुढची कुठे आहेत. हे सगळं मी त्या बंद वर्गात उभं राहून, शांतपणे, एकामागून एक तपासलं. इतक्या काळजीने मी आयुष्यात दुसरं काही तपासलेलं नाही.

मग तिला फोन केला.

“अगं, वही सापडत नाहीये. सुट्टीआधी कपाटं साफ केली ना, जुने कागद रद्दीत काढले. त्यात गेली असणार.”

पलीकडे हॉस्पिटलमधला आवाज येत होता, कुणाच्या तरी नावाची घोषणा.

“सगळ्यांच्याच गेल्या?” तिने विचारलं.

“बऱ्याच.”

“बरं, काका.” मग घाईघाईने, मला वाईट वाटू नये म्हणून, “असू दे. मी आठवून लिहिते.”

मी वही पिशवीत घातली आणि घरी आलो. रस्त्यात पूजेच्या मांडवांचे बांबू उभे राहत होते, दिवे लागत होते, ऑटो सारखा अडकत होता. पिशवी मांडीवर होती.

तिने आठवून लिहिलं. वडिलांनी ते कागद खिशात ठेवले, डॉक्टरांना दाखवले नाहीत, हे मला पुढे मंडळातल्या एकांकडून कळलं. डॉक्टर विषबाधेच्या, मेंदूच्या दिशेने शोधत राहिले. थायरॉइडची तपासणी कुणाला तरी सुचली ती दोन दिवसांनी. सुट्टीचे दिवस, रिपोर्ट आणखी उशिरा आला. बाईचं शरीर कित्येक महिन्यांपासून हळूहळू थंड होत चाललं होतं, आणि तापाने उरलंसुरलं संपवलं. औषध सुरू झालं, पण अष्टमीच्या सकाळी ती गेली.

डॉक्टर तिच्या वडिलांना म्हणाले होते, थोडं आधी लक्षात आलं असतं तर. थोडं म्हणजे किती? ते दोन दिवस की तो महिना? मी हे कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. ओळखीचे डॉक्टर आहेत, घरी येतात, चहा पितात. मी विचारत नाही.

दिवसांच्या वेळी आम्ही मंडळातले सातआठ जण त्यांच्या घरी गेलो. सतरंजीवर बसलो होतो. तिचे वडील आपण होऊन बोलायला लागले. माझ्याकडे बघून.

“सर, तुम्ही शिकवता हिला. तुम्हीच सांगा. मी तिकडे हल्दियाला. घरात दोघीच. दिवसरात्र आई डोळ्यासमोर. हिला दिसलं नाही?”

“अहो, लेकरू आहे ते,” कुणीतरी बाई म्हणाल्या.

“लेकरू काय, सोळा वर्षांची घोडी! एक शब्द बोलली नाही मला. एक शब्द!” ते तिच्याकडे वळले. “दिसत नव्हतं तुला?”

ती स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं की ती माझ्याकडे बघते आहे. त्या वेळी दोन वाक्यं पुरली असती. ‘तिला दिसलं होतं. तिने मला विचारलं होतं.’ बस. दोन वाक्यं, आणि तीही माझ्या रोजच्या भाषेत.

मी सतरंजीची कड बोटाने सरळ केली.

“नाही दिसलं, बाबा,” ती म्हणाली.

त्यानंतर तिने नाटक सोडलं. विषय बदलण्याच्या अर्जावर माझी सही लागत होती. ती मी केली. तिची बारावी झाल्यावर वडिलांनी बदली मागून घेतली आणि ती दोघं पुण्याला गेली. दर शिक्षकदिनाला तिचा मेसेज येतो, एका ओळीच्या शुभेच्छा, ‘काका’ नाही, ‘सर’ म्हणून.

मी निरीक्षणवहीचा प्रकल्प बंद केला. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, मुलं कॉपी करतात. आता इतर वह्या मी वाचतो, एकेक ओळ, त्यात कुणाचं काही असो नसो. याचा तिला काही उपयोग नाही. स्वतःला समजवायला मी पुष्कळ काही जमवलं. तिने बापालाही सांगितलं होतं, त्याने तरी कुठे ऐकलं? मग वही त्याला दाखवणं म्हणजे त्या माणसाच्या जखमेवर मीठ चोळणं नाही का? हा आधार मी दोन वर्षं धरला होता. ऐकायला बरा वाटतो. पण मी वही लपवली तेव्हा त्याच्या जखमेचा विचार माझ्या मनात नव्हता, हे मला माहीत आहे.

बायको एकदा माळा साफ करताना म्हणाली, “या पेटीत काय आहे? कुलूप कशाला?”

“जुन्या संहिता,” मी म्हटलं.

“कोण चोरणार आहे तुमच्या संहिता!” ती हसली आणि पेटी परत सरकवून ठेवली.

हे आता का लिहितो आहे, तर गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. शिक्षकदिन नव्हता. लांबलचक होता, आणि मराठीत, पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगल्या मराठीत.

“सर, एक विचारायचं होतं. माझ्या वहीत मी तुमच्यासाठी मराठीत काही लिहिलं होतं का? मला आठवतं की लिहिलं होतं. आईला डॉक्टरकडे नेऊ का, असं विचारलं होतं. बाबांनाही बोलले होते असं मला आठवतं. पण बाबा म्हणतात असं काही झालंच नव्हतं, मी नंतर मनाने रचलंय, स्वतःला बरं वाटावं म्हणून. आम्ही यावरून आता बोलतच नाही. मी एका समुपदेशकाकडेही जाते आहे. तिथेही मला नीट सांगता येत नाही की खरं काय. कधीकधी मलाही वाटतं की मी रचलं असेल. कारण लिहिलं असतं तर तुम्ही काहीतरी केलंच असतं ना. तुम्ही वही शेवटपर्यंत वाचली होती, म्हणून तुम्हालाच विचारते. नसेल आठवत तर असू दे.”

त्याला आता सव्वीस दिवस झाले. मी उत्तर टाइप करतो आणि पुसतो. एकदा ‘आठवत नाही’ एवढंही टाइप केलं होतं. बोट पाठवण्याच्या खुणेवर होतं. ते पाठवलं असतं तर मी तिची आई तिच्याकडून दुसऱ्यांदा नेली असती, आणि या वेळी तिचं डोकंही बरोबर नेलं असतं. पुसलं. पण पुसणं म्हणजे सांगणं नाही.

हे लिहून मोकळा होतोय असंही कुणी समजू नये. इथे नावं नाहीत. ती हे वाचेलच असं नाही, आणि तिचे वडील तर वाचणारच नाहीत. हे वाचणाऱ्यांनी मला काही म्हटलं तरी तिच्या पदरात त्यातलं काही पडत नाही.

मी तिचं देणं लागतो ते असं. तिने रचलेलं नाही. तिने वेळेवर विचारलं होतं, मला आणि वडिलांनाही. हे मला पुण्याला जाऊन, तिच्या वडिलांच्या समोर बसून, तिच्या देखत सांगायचं आहे. ‘कंटिन्यू’ हे अक्षर माझं आहे, वाचल्याचं सांगितलं ते खोटं होतं, वही रद्दीत गेली हेही खोटं होतं, हे त्याच बैठकीत सांगायचं आहे. आणि वही तिच्या हातात द्यायची आहे, सगळ्या पानांसकट. यातलं आजपर्यंत मी काहीही दिलेलं नाही.